वही कोरी का, हे ताईंना एकदा विचारा

अंगणवाडीच्या दारात आजी उभ्या होत्या. एका हाताला नातू, दुसऱ्या हातात त्याची वही. वही त्यांनी ताईंच्या पुढ्यात उघडून धरली.

"अवो ताई, दोन म्हैनं झालं पोरगं येतंय. ह्यात एक अक्षर न्हाई. नुसतं खेळिवताच व्हय?"

ताई मुलांच्या गोलात जमिनीवर बसल्या होत्या. मधे एक सूप. सुपात चिंचोके, सागरगोटे, बाभळीच्या शेंगा आणि बाटल्यांची झाकणं, सगळी सरमिसळ. चार-चार वर्षांची सात-आठ पोरं ती निवडत होती. "आजी, या, बसा जरा. एवढा डाव होऊ द्या," ताई म्हणाल्या. आजी टेकल्या. मी दुसऱ्याच कामासाठी त्या गावात गेलो होतो आणि उन्हाचा आडोसा म्हणून भिंतीला टेकून बसलो होतो. त्यामुळे पुढचं सगळं मलाही बघायला मिळालं.

एका मुलीने चिंचोक्यांचा ढीग केला. मग कुणी न सांगता त्यातले फुटके एकीकडे, अख्खे एकीकडे करायला लागली. शेजारच्या पोराने तिच्या ढिगात हात घातला. ती ओरडली. ताईंनी त्याला एवढंच विचारलं, "तिला विचारलंस का?" पोरगं थांबलं, विचारात पडलं. मग म्हणालं, "दे की थोडे." तिने मोजून दिले. एक, दोन, तीन. बास.

ताई आजींकडे वळल्या. "हिनं निवडलं, मोजलं, वाटून दिलं. ह्यानं हिसकावलं नाही, मागून घेतलं. आता आजी, वहीत हे कुठं लिहू?"

आजी काही बोलल्या नाहीत. मीही नाही. मला माझीच एक जुनी चूक आठवत होती.

माझी मुलगी साडेतीन वर्षांची असताना मी शहरातल्या तिच्या बालवर्गात जाऊन हेच विचारून आलो होतो. आजींपेक्षा गोड शब्दांत, एवढाच फरक. शेजारच्या मुलाला ए ते झेड लिहिता येतं, आमची अजून रेघोट्याच ओढते, हे कसं? तिथल्या बाई वयाने लहान होत्या, नोकरी नवी होती. त्यांनी काही बोलायचा प्रयत्न केला, पण मी ऐकून घेतलं नाही. पुढच्या आठवड्यापासून वहीत ठिपके जोडून अक्षरं गिरवणं सुरू झालं. महिन्याभरात वही भरली आणि मुलगी सकाळी शाळेचं नाव काढताच रडू लागली. मी शाळेला दोष दिला. खरं तर त्या बाईंनी मी मागितलं तेच मला दिलं होतं. जे त्यांना येत होतं ते त्यांनी माझ्या आग्रहापायी बाजूला ठेवलं.

म्हणून आज आई-बाबांना, आजी-आजोबांना आणि गावातल्या जाणत्या माणसांना हात जोडून एकच सांगायचं आहे. ताईंना त्यांचं काम करू द्या. आणि ते काम काय आहे, हे आधी आपण समजून घेऊ या.

चिंचोक्यांत काय असतं

आधी हात पाहू. मोठ्या माणसाच्या मनगटात आठ छोटी हाडं असतात. जन्मलेल्या बाळाच्या मनगटात ती सगळी कूर्चेचीच असतात. मूल वाढतं तशी ती एकेक करून टणक होतात आणि शेवटचं हाड टणक व्हायला आठ-दहा वर्षं, कधी त्याहूनही जास्त लागतात. साडेतीन वर्षांच्या मुलाच्या हातात पेन्सिल देऊन चार रेघांत अक्षर बसवायला लावणं म्हणजे कच्च्या भिंतीवर स्लॅब टाकणं. त्याच हाताला चिमटीत चिंचोका धरू द्या, मणी ओवू द्या, कणीक मळू द्या, कागद फाडू द्या, फडकं पिळू द्या. बोटं आणि मनगट तयार होतं. मग वेळ आल्यावर पेन्सिल त्या हातात आपोआप नीट बसते. ताई चिखलाचे लाडू वळायला लावतात तेव्हा त्या लेखनाचीच तयारी करून घेत असतात.

मग कान. अक्षर ही डोळ्याला दिसणारी खूण आहे, पण ती खूण आवाजाची असते. ज्या मुलाच्या कानाला आवाज सुटे सुटे ऐकू येत नाहीत त्याला बाराखडी म्हणजे नुसती पाठ करायची माळ. ताई विचारतात, "क-क-क... घरात कशाकशाचं नाव असं सुरू होतं?" मुलं ओरडतात, कढई, कुलूप, कोंबडी, काका! हा वेळकाढूपणा नव्हे, वाचनाची पहिली पायरी आहे. रोजची गोष्ट आणि बडबडगीत हेही त्यातलंच. गोष्ट ऐकताना मूल समोर नसलेली वस्तू मनात उभी करायला शिकतं. पुढे पुस्तक वाचताना त्याला दुसरं काय करायचं असतं?

आणि भाषा. मेळघाटातलं पोर घरून कोरकू बोलत येतं, सातपुड्यातलं पावरी, गडचिरोलीतलं गोंडी किंवा माडिया, खानदेशातलं अहिराणी. शाळा मात्र पुस्तकातल्या मराठीत बोलते. या दोन काठांमधला पहिला सांकव म्हणजे त्याच पाड्यावरची, त्याचीच बोली बोलणारी सेविका. ती मुलाच्या बोलीत त्याला जवळ घेते आणि हळूहळू दुसऱ्या भाषेत नेते. ही वाट मधेच तुटली की मूल पहिलीत गप्प बसतं आणि आपण त्याला 'ढ' म्हणून मोकळे होतो.

चौथी गोष्ट म्हणजे थांबणं. घसरगुंडीवर आपला नंबर येईपर्यंत उभं राहणं, राग आला तरी हात न उगारणं, हरल्यावर पुन्हा डावात येणं. घरी एकट्या मुलाला हे शिकायला मिळत नाही, कारण तिथे सगळे नंबर त्याचेच असतात. मोबाईलही हे शिकवत नाही, कारण मोबाईलला राग येत नाही.

कोऱ्या वहीची परीक्षा चाळीस वर्षांनी

"हे सगळं बोलायला ठीक, पण पुढे उपयोग काय?" असं कुणी विचारेल. प्रश्न रास्त आहे. अमेरिकेतल्या मिशिगन राज्यात इप्सिलँटी नावाच्या गावी १९६० च्या दशकात गरीब कृष्णवर्णीय घरांतल्या १२३ मुलांवर एक प्रयोग झाला. चिठ्ठी टाकावी तसे दोन गट केले. एका गटाला चांगली बालवाडी मिळाली, दुसऱ्याला नाही. मग या मुलांचा माग ती चाळिशीची होईपर्यंत ठेवला. गंमत अशी की बुद्ध्यंकात सुरुवातीला दिसलेला फायदा थोड्या वर्षांत ओसरला. तिथेच पाहणं थांबवलं असतं तर लोक म्हणाले असते, पैसे वाया गेले. पण पुढे बालवाडीत गेलेल्या मुलांपैकी जास्त जणांनी शाळा पूर्ण केली, मोठेपणी त्यांची कमाई जास्त राहिली, पोलिसांनी पकडून नेण्याची पाळी कमी जणांवर आली.

कागदावर मोजता येणारं विरलं आणि मोजता न येणारं आयुष्यभर पुरलं. आजींच्या हातातल्या वहीबद्दल याहून वेगळं मला काही म्हणायचं नाही. त्या प्रयोगाची आणखी एक बाजू आपण सहज विसरतो. तिथल्या शिक्षिका प्रशिक्षित होत्या, त्यांच्या हाताखाली मोजकी मुलं होती, आणि त्या दर आठवड्याला प्रत्येक मुलाच्या घरी जाऊन आईशी बोलत असत. खरी कमाल या शिक्षिकांची होती. खोली आणि खेळणी नंतरची.

आपल्याकडचं २०२० चं राष्ट्रीय शैक्षणिक धोरणही म्हणतं की मेंदूच्या एकूण वाढीपैकी ८५ टक्क्यांहून जास्त वाढ सहा वर्षांच्या आत होते. म्हणून तीन ते आठ या वयाला त्याने 'पायाभूत स्तर' म्हटलं. घर बांधणाऱ्याला पाया भरणाऱ्या गवंड्याची किंमत सांगावी लागत नाही. मुलांच्या बाबतीत मात्र सांगावी लागते.

शब्द बोर्डीचा, काम देशाचं

'अंगणवाडी' हा शब्द आज सरकारी फलकावर वाचून वाचून गुळगुळीत झाला आहे. तो जन्मला आपल्याच मातीत. ताराबाई मोडक भावनगरला गिजुभाई बधेकांबरोबर बालशिक्षणाचं काम शिकल्या. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ उभा राहिला. मुंबईत दादरला शिशुविहार सुरू झालं. शहरात जम बसलेला असताना, वयाची पन्नाशी ओलांडल्यावर, १९४५ साली त्या तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातल्या बोर्डीला गेल्या. तिथे त्यांना अनुताई वाघ येऊन मिळाल्या. तेराव्या वर्षी वैधव्य आलेली आणि नंतर जिद्दीने शिकून शिक्षिका झालेली ही बाई.

बालवाडी उघडली, पण वस्तीतली मुलं येईनात. मुलं येत नाहीत, पालकांना कळत नाही, असं म्हणून त्या परत फिरल्या असत्या तर त्यांना कुणी नावं ठेवली नसती. त्यांनी उलट केलं. बालवाडीच उचलली आणि मुलांच्या अंगणात नेली. अंगणात भरते ती अंगणवाडी. गुरं राखणाऱ्या मुलांसाठी कुरणात शाळा भरवली, ती कुरणशाळा. परदेशातून आलेल्या माँटेसरी पद्धतीची साधनं महाग. त्यांच्या जागी शंख-शिंपले, बिया, पानं, बांबूच्या कांड्या आल्या. त्या सुपातल्या चिंचोक्यांचं घराणं हे असं जुनं आहे.

१९५७ साली हे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. तिथे आदिवासी पाड्यांत आणखी एक गोष्ट कळली. मोठी मुलगी शाळेत येत नाही, कारण तिच्या कडेवर धाकटं भावंड असतं. मग पाळणाघर, बालवाडी आणि शाळा एकाच ठिकाणी आणली. तिचं नाव विकासवाडी. ताईने धाकट्याला सांभाळलं तर मोठी वर्गात बसते आणि आई निर्धास्तपणे कामावर जाते. एका मुलामागे दोन माणसं सुटतात. आजही ऊसतोडीच्या टोळीत, बांधकामाच्या साइटवर, शहरातल्या चाळीत हिशेब तोच आहे.

पुढे २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात एकात्मिक बालविकास सेवा योजना ३३ प्रकल्पांत सुरू झाली. महाराष्ट्रात तिचा प्रारंभ मेळघाटातल्या धारणीत आणि मुंबईच्या धारावीत झाला. आज राज्यात या योजनेच्या सुमारे १ लाख १० हजार अंगणवाड्या आहेत. बोर्डीचा शब्द देशभर पोचला. फक्त वाटेत त्यातलं शिक्षण मागे पडलं आणि खिचडी पुढे आली. "अंगणवाडीत काय मिळतं?" असं गावात विचारा. "खाऊ" हे उत्तर पहिलं येईल.

एक बाई, किती कामं

खाऊ हलका समजू नका. उपाशी पोटी कुणी शिकत नाही, आणि तो आहार वेळेवर देणं हेही सेविका-मदतनिसांचंच काम. पण एकदा त्यांच्या कामांची यादी करून बघा. पूरक आहार, लसीकरणाला मदत, आरोग्य तपासणी, आजारी मुलाला पुढे पाठवणं, आयांना आहार-आरोग्य समजावणं आणि शाळापूर्व शिक्षण. बालविकास योजनेच्याच या सहा सेवा. सहा महिन्यांच्या बाळापासून गरोदर बाईपर्यंत सगळ्यांची नोंद तिच्याकडे. मुलाच्या दंडाला पट्टी लावते तीही हीच. पट्टीवर आकडा साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली गेला तर ते पाच वर्षांखालच्या मुलात तीव्र कुपोषणाचं लक्षण, आणि तो आकडा डॉक्टरच्या आधी तिला दिसतो. हाक मारल्यावर वळून न बघणारं मूल हट्टी आहे की त्याला ऐकू येत नाही, ही शंकाही बहुधा तिलाच पहिल्यांदा येते.

यावर सर्वेक्षणं, निवडणुकीची कामं, योजनांचे अर्ज. कोविडच्या काळात घरोघर फिरणाऱ्या बायका आठवतात ना? त्यांत याही होत्या. त्यावर मोबाईलमधली नोंद. २०२१ च्या ऑगस्टमध्ये राज्यातल्या सेविकांनी सरकारने दिलेले निकृष्ट मोबाईल परत केले, ते उगाच नव्हे. मुलांचा गोल सोडून रेंज शोधत अंगणात फिरणाऱ्या ताईंना पाहिलं की ताराबाईंच्या अंगणाचा अर्थ किती बदलला, हे कळतं.

आणि या सगळ्याला पगार नाही, 'मानधन' म्हणायचं. केंद्र सरकारने २०१८ साली सेविकेसाठी ठरवलेला आकडा होता महिना ४,५०० रुपये. राज्य त्यावर आपली भर घालतं, ती वेळोवेळी वाढलीही. पण ती वाढ बहुतेक वेळा मोर्चा काढूनच मिळाली आहे. २०२३ च्या ४ डिसेंबरला राज्यातल्या सेविका-मदतनीस संपावर गेल्या, त्या दीड महिन्याहून जास्त काळ बाहेर होत्या. आपल्यापैकी कितीजणांनी त्या थंडीत त्यांच्या मांडवात जाऊन चहा विचारला? एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांना उपदानाचा म्हणजे ग्रॅच्युइटीचा हक्क आहे असं सांगितलं. जन्मभर काम केलेल्या बाईला कामगार म्हणायला कोर्टाची पायरी चढावी लागली.

शहरातली गोष्ट फार वेगळी नाही, फक्त भिंती रंगीत आहेत. नर्सरीची फी भरताना आपण बस, गणवेश, वार्षिक समारंभ सगळं विचारतो. वर्गातल्या टीचरला हातात किती मिळतं, हे विचारत नाही. दहावीच्या शिकवणीला हजारो रुपये मोजताना हात आखडत नाही, आणि बालवर्गाच्या बाईंबद्दल म्हणतो, "काय, लहान मुलांना तर सांभाळायचं." कायद्यानेही हे वय थोडं उंबऱ्याबाहेरच ठेवलं आहे. शिक्षणहक्क कायद्याचा हक्क सहाव्या वर्षापासून लागू होतो. त्याआधीच्या वयासाठी सरकार सोय 'करू शकेल', एवढंच कायदा म्हणतो. जिथे कायदा सैल आहे तिथे पालकांनीच जागं राहायला हवं.

चांगली ताई ओळखावी कशी

सगळ्या ताई सारख्या नसतात, हेही बोलायला हवं. काही अंगणवाड्यांना आठवड्यातून तीन दिवस कुलूप असतं. काही ठिकाणी मुलं ओळीत हाताची घडी घालून बसवलेली असतात आणि बाई रजिस्टरमध्ये बुडालेल्या. काही खासगी बालवर्गांत कोपऱ्यात उभं करण्याची शिक्षा अजून चालते. तिथे विचारणा झालीच पाहिजे. पण विचारणा कशाची करायची, ते कळायला हवं.

भिंतीवरची चित्रं पाहू नका. अर्धा तास बसून हे पाहा. ताई मुलांच्या उंचीला येऊन बोलतात का? वस्तू मुलांचा हात पोचेल अशा ठेवल्या आहेत, की कपाटात जपून? वर्गात आवाज कुणाचा जास्त, मुलांचा की बाईंचा? रोज एक तरी गोष्ट होते का? मूल रडलं तर त्याला दम मिळतो की मांडी? प्यायचं पाणी आणि संडास मुलांना वापरता येईल असा आहे का? आणि शेवटी ताईंना तुमच्या मुलाबद्दल एक गोष्ट विचारा. चांगली ताई नुसतं "हुशार आहे हो" म्हणून सोडत नाही. ती सांगते, "कात्री डाव्या हातात धरतो, वाळूत पाय घालायला घाबरतो, आणि गोष्टीत कोल्हा आला की पुढे सरकतो." असं उत्तर आलं तर निश्चिंत मनाने घरी या.

कमी दिसलं तर आधी ताईंशीच बोला. मग मुख्यसेविकेशी, ग्रामपंचायतीशी. चारचौघांत, मुलांच्या देखत नको.

एवढं करा

घरी आल्यावर "आज काय लिहिलं?" हा प्रश्न सोडा. "आज कुणाबरोबर खेळलास? गोष्टीत काय झालं? कोण रडलं, का रडलं?" हे विचारा. मूल जे सांगेल ते मधे न तोडता ऐका. गोष्ट उलटीपालटी सांगेल, सांगू द्या.

पहिले पंधरा दिवस मूल रडणार, हे धरून चाला. त्याची नजर चुकवून पळून जाऊ नका. "मी जेवणाच्या वेळी येते" असं सांगून जा आणि त्या वेळेला या. एकदा फसवलं की मूल आपल्यावरही विश्वास ठेवत नाही आणि ताईंवरही.

रोज पाठवा, वेळेवर पाठवा, काहीतरी खायला घालून पाठवा. लग्न, जत्रा, पाहुणे म्हणून आठवड्यात दोन दिवस बुडवलेल्या बालवाडीत ताईंनी विणलेला धागा पुन्हा पुन्हा तुटतो.

घरात जे घडलं ते ताईंच्या कानावर घाला. नवं बाळ झालं, आजोबा गेले, बाप ऊसतोडीला गेला, रात्री ताप होता, झटका आला होता. मूल एकाएकी चावायला लागलं तर त्याचं कारण बहुधा घरातच असतं, आणि ते माहीत असलं तर ताई त्याला शिक्षा करणार नाही, जवळ घेईल.

"थांब, ताईंनाच सांगते" असा धाक दाखवू नका. घरी बागुलबुवा केलेल्या बाईच्या मांडीवर मूल कसं बसेल? आणि मुलांच्या देखत ताईंना "अगं ए" म्हणू नका. त्या तुमच्याच भावकीतल्या असतील, तुमच्यापेक्षा वयाने लहानही असतील. वर्गाच्या दारात मात्र अहो-जाहो करा. मुलं ते पाहतात.

घरचा अभ्यास मागू नका, घरचं काम द्या. मटार सोलणं, मोज्यांच्या जोड्या लावणं, ताटं मोजून मांडणं, कोथिंबीर निवडणं. आणि घरी जी बोली आहे तीच भरभरून बोला. तुटक इंग्रजीपेक्षा आजीची अस्सल अहिराणी मुलाच्या डोक्याला जास्त खाद्य देते.

पहिलीत घालायची घाई करू नका. सहा पूर्ण होऊ द्या. एक वर्ष लवकर पोचून मूल कुठे जाणार आहे?

आता गावकऱ्यांसाठी. ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले १० टक्के महिला व बालकल्याणावर खर्च करायचे असतात. यंदा ते कशावर गेले, हे ग्रामसभेत उभं राहून विचारा. अंगणवाडीचं छप्पर गळतं का, नळाला पाणी आहे का, मुलांच्या मापाचा संडास आहे का, हे विषय सभेच्या अजेंड्यावर घ्या. गावातल्या सुताराला म्हणावं, लाकडाचे उरलेले ठोकळे घासून दे. शिंप्याकडच्या चिंध्या, जुन्या साड्या, झाकणं, डबे, सगळं तिथे कामाला येतं. आणि म्हाताऱ्या माणसांनी आठवड्यातून एकदा जाऊन एक गोष्ट सांगावी. ताईंना तेवढीच उसंत, आणि तुमच्या गोष्टीला ऐकणारं कुणीतरी.

शहरातल्या पालकांनी प्रवेशाच्या वेळी तीन प्रश्न विचारावेत. एका टीचरमागे मुलं किती? त्यांचं प्रशिक्षण काय झालं आहे? त्या इथे किती वर्षं टिकल्या आहेत? तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात त्यांच्या पगाराचाही अंदाज येतो. आणि नर्सरीत लेखनाची वही सुरू झाली तर एकट्याने तक्रार करू नका. चार-पाच पालक मिळून जा आणि म्हणा, "आम्हाला ही वही नको आहे. टीचरना मुलांशी खेळू द्या." शाळा पालकांचं ऐकते. आजवर आपण तिच्याकडे उलटं मागत होतो, म्हणून तिने उलटं दिलं.

त्या दिवशी अकराच्या सुमाराला मुलं हात धुऊन जेवायला बसली. आजींचा नातू त्या मोजून देणाऱ्या मुलीशेजारी जाऊन बसला होता. मदतनीस ताट वाढत होत्या. आजींनी वही पिशवीत घातली, गुडघ्यावर हात ठेवून उठल्या आणि दारातून मागे वळल्या.

"ताई, घरी चिंचोकं पडल्यात शेरभर. उद्या आणू का?"

"आणा की," ताई म्हणाल्या. "आणि आजी, उद्या आला की घटकाभर थांबा. एखादी गोष्ट सांगा पोरांना."